रोझरी, मालिका आणि बेसिलचे पाय

मरोळ गावठाण, अंधेरी
शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४

प्रिय क्लॅरिस,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्या घराण्यात हाताने लिहिलेलं पाकीट आलं की बायका आधी रडून घेतात आणि मग फोडतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो. सगळे ठणठणीत आहेत. तुझा मामेभाऊ तर इतका ठणठणीत आहे की त्याने मोबाईल सोडला.

राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, कपाळाला राख लावून बाहेर आलो आणि तिथेच, चर्चच्या पायरीवर, मोबाईल बंद करून ॲन्ड्रियाच्या हातात दिला. म्हटलं, आता ईस्टरलाच. त्या दिवशी नेमका व्हॅलेंटाईन होता. "बायकोला अख्खा मोबाईल देणारा नवरा दाखव गावठाणात," असं मी म्हणालो, तर ती म्हणाली, "फूल दिलं असतंस तरी चाललं असतं." तिला पतीच्या त्यागाचं कौतुकच नाही.

त्यामुळे यंदा उपवासकाळात तुझ्याशी बोलणं ते पत्राने. अंधेरीहून बोरीवलीला टपाल किती दिवसांत येतं ते मला कळव. मला वाटतं, चालत गेलं तर माणूस आधी पोचेल.

बाकी मी सेवेत बुडालो आहे. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेसाठी खुर्च्या लावतो. पेजेच्या जेवणाला वाढपी मी. माईकची वायर गुंडाळणारा मी. कॉयरमध्ये गायला आवाज नाही म्हणून पुस्तकं वाटायला मी. आता तू म्हणशील, एवढं का? तर फक्त देवासाठी, क्लॅरिस. दुसरं काही नाही.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक वाडीतून एकेक नाव कमिटी ठरवते. माझं आजवर एकदाही आलं नाही. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. शेजारच्या पास्कलचं दोन वर्षांपूर्वी आलं, आणि तेव्हापासून तो कांद्याच्या भावावर बोलायचं असलं तरी सुरुवात "फादरनी माझे पाय धुतले ना, तेव्हा" अशी करतो. मी ऐकून घेतो. नम्रता म्हणजे हेच.

कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, हे आपलं सहज सांगितलं.

तू काय सोडलंस यंदा?

तुझा,
बेसिल


एक्सर, बोरीवली पश्चिम
शुक्रवार, २३ फेब्रुवारी

प्रिय बेसिल,

तुझं पाकीट बघून मी आधी रडलेच. शेजारची शर्मिष्ठा पाणी घेऊन धावत आली. मग फोडलं, तर आत तू आणि तुझी नम्रता. तेव्हा माझं तोंड अगदी असं झालं, जसं सर्वेश दारात उभा दिसल्यावर जान्हवीचं झालं होतं. शर्मिष्ठाला काय सांगायचं तेच कळेना. पाणी पिऊन टाकलं.

आता तुझ्या सेवेबद्दल. फक्त देवासाठी करतोस हे वाचून बरं वाटलं. पण देव तुमच्या कमिटीवर आहे का रे? नाही म्हणजे, खुर्च्या देवाला दिसतातच. कमिटीला दिसाव्यात म्हणून तू त्या बैठकीच्या खोलीसमोरून नेत असशील, अशी मला आपली शंका. लहानपणी आजीचे पाय चेपायचास तेही मामा घरी आल्यावरच. मामा बाहेर असला की आजी "बेसिल, बेसिल" करत बसायची आणि तू चिंचेच्या झाडावर.

मी यंदा मालिका सोडल्या. सगळ्या. तुला माहीत आहे ना, मेल्विन गेल्यापासून घरात बोलायला नवरा नाही, म्हणून आठ वाजले की मी टीव्हीसमोर बसते ते जेवायलाही तिथेच. तर आता टीव्हीवर चादर घालून ठेवली आहे. आठ वाजता जीव नुसता कासावीस होतो, पण त्याग म्हणजे त्याग.

आणि हातावर हात ठेवून बसायला नको म्हणून आमच्या पॅरिशच्या आजारभेट गटात नाव दिलं. मला नातालीमाय मिळाली. गोराईहून मासळी घेऊन दारोदार जायची ना, तीच. आता पंच्याऐंशीच्या पुढे असेल. मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवरच आहे. दिवसा दीप्ती नावाची बाई असते, ती साडेसातला जाते. पुतण्या ग्लेन सांताक्रूझला विमानतळावर कामाला, तो येतो दहाला. मधला वेळ म्हातारी एकटी. म्हणून मी रोज आठला जाते, माळ घेऊन रोझरी म्हणते, थोडं बसते.

गटातल्या बायका आठवड्यातून एकदा जातात. मी रोज जाते. आमच्या फादरनी रविवारी मिस्सेच्या उपासनेनंतर माझं नाव घेऊन कौतुक केलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू!

कमिटीचं काय झालं ते कळव. तुझे पाय निवडून येवोत.

तुझी,
क्लॅरिस


मरोळ गावठाण
शुक्रवार, १ मार्च

प्रिय क्लॅरिस,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसण्यासाठी, दुसऱ्यांदा रागवण्यासाठी, आणि तिसऱ्यांदा ॲन्ड्रियाला मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी. तिसऱ्या वेळी ती भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "परत वाच. सर्वेश कुठे उभा दिसला म्हणाली?"

दारात, म्हटलं.

क्लॅरिस, मालिकेतला सर्वेश दिवाळीत बोट उलटून बुडाला. अख्ख्या महाराष्ट्राने त्याचं तेरावं पाहिलं. जान्हवीची स्मृती गेली, तिच्यावर देवव्रतने डोळा ठेवला, म्हाताऱ्या काशीरामला घरातून काढलं. आणि सर्वेश दारात येऊन उभा राहिला तो वीस फेब्रुवारीच्या मंगळवारी. तू टीव्हीवर चादर घातलीस चौदा तारखेला. मग जान्हवीचं तोंड तू कुठे पाहिलंस, ते देवाला स्मरून सांग.

(मला हे सगळं कसं माहीत, असं विचारू नकोस. ॲन्ड्रिया बघते, मी दाराआड पेपर वाचत उभा असतो. मी काही सोडलेलं नाही. मी फक्त मोबाईल सोडला.)

आता मोठी बातमी. माझं नाव आलं! बारा जणांत! कमिटीने काल जाहीर केलं. मी घरी येईपर्यंत दम धरला आणि मग स्वयंपाकघरात ॲन्ड्रियाला धरून गोल गोल फिरवलं. तिचा चमचा कपाटाखाली गेला, अजून सापडलेला नाही. पास्कलला भेटायला मुद्दाम गेलो नाही. फक्त त्याच्या खिडकीखालून थोडा वेळ शीळ घालत फिरलो.

पण आनंदात माशी शिंकलीच. आमचे नवे फादर ब्रायन आहेत, तरुण आहेत, केस नीट विंचरत नाहीत, पण बोलतात असे की पाठीत धपाटा बसावा. आजच्या क्रूसाच्या वाटेनंतर म्हणाले, "तुम्ही देवासाठी जे जे करता, ते यापुढे कोणालाही दिसणार नाही, कळणार नाही, असं समजा. मग त्यातलं किती कराल? घरी जाऊन विचार करा." एवढं बोलून ते आत गेले. मी खुर्च्या उचलत होतो. हातातली खुर्ची जड झाली गं एकदम. आजूबाजूला पाहिलं, तर बघायला कोणी नव्हतं. मी चार उचलल्या आणि बाकीच्या तशाच ठेवून घरी आलो.

हे तुला सांगायचं नव्हतं. पण तू सर्वेशचं सांग, मग माझं हसं कर.

तुझा,
बेसिल


एक्सर, बोरीवली
गुरुवार, ७ मार्च

प्रिय बेसिल,

ॲन्ड्रियाला सांग, तिने पोलिसात जायला हवं होतं.

हो. पाहिलं मी. नातालीमायच्या घरी.

पहिल्या दिवशी मी खरंच रोझरीच म्हणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर खाटेच्या पायथ्याशी टीव्ही. माळ्यावर पडलेला तो ग्लेनने खाली काढलेला. आणि बरोबर आठला म्हातारी म्हणाली, "पोरी, जरा लाव गो तो डबा. मना सोबत होते." आता आजारी माणसाची इच्छा मोडायची का? मी लावला. आणि चॅनल कुठलं लावायचं ते तिने सांगितलं नव्हतं, तर माझा हात आपोआप आपल्या चॅनलवर गेला. हाताला काय कळतं उपवासकाळ चालू आहे ते!

तेव्हापासून रोज तसंच. आधी रोझरी. खरं सांगू? ती रोझरी अशी धावते की मारियेला दम लागत असेल. मग मालिका. मायचं बघणं म्हणजे एक ताप असतो. सारखी विचारते, "आता कोण आला? काय घातलाय? रडते का हसते?" मला वाटतं वयाने तिला कथा समजत नाही. म्हणून मीच सगळं सांगत बसते. देवव्रत जिना उतरतोय, हातात कागद आहे, जान्हवी खांबाआड उभी आहे. माय अशी हसते की तिची कवळी निसटते.

आणि याबद्दल फादरनी माझं कौतुक केलं, बेसिल. चर्चमध्ये. माईकवरून. बायकांनी वळून पाहिलं. मी मान खाली घातली, तर शेजारची म्हणाली, "बघा, किती साधी आहे."

तुझ्या फादरचा प्रश्न वाचला आणि मला रात्रभर झोप नाही. टीव्ही नसता तर मी रोज गेले असते का? नसते गेले. आठवड्यातून एकदा, तेही पाय ओढत. म्हणजे मी आजारभेटीला नाही, जान्हवीच्या भेटीला जाते. उपवासही मोडला आणि पुण्यवान म्हणूनही मिरवले. म्हणून ठरवलं, येत्या सोमवारपासून जायचं बंद. गटाच्या प्रमुखबाईंना सांगितलं, माझे गुडघे दुखतात. हे म्हणजे वर आणखी एक खोटं.

आता तुझी पाळी. पास्कलच्या खिडकीखाली शीळ कोणासाठी घातलीस? देवासाठी?

तुझी,
क्लॅरिस


मरोळ गावठाण
बुधवार, १३ मार्च

प्रिय क्लॅरिस,

तुझं पत्र ॲन्ड्रियाला वाचून दाखवलं नाही. नंतर तिने स्वतःच वाचलं. "बिचारी," म्हणाली आणि हसत हसत मोरीत गेली.

तू मला विचारलंस, तर ऐक. शीळ पास्कलसाठी. खुर्च्या कमिटीसाठी. पेज वाढली ती अर्धी पोटासाठी, कारण वाढप्याला शेवटी उरलेलं मिळतं. आणि मोबाईल सोडला तो एवढ्यासाठी की आपल्या घराण्याच्या ग्रुपवर मी नाही हे सगळ्यांना जाणवावं. ते जाणवलं का कोणाला? मला कळायला मार्ग नाही, कारण मोबाईल नाही.

मग मी ठरवलं, नाव मागे घ्यायचं. फादरना जाऊन सांगायचं, "फादर, मी लायक नाही. दुसऱ्या कोणाला बसवा." संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. फादरच्या खोलीचा जिना चढत होतो. अर्ध्या जिन्यात डोक्यात आलं, हे बाहेर कळणारच. लोक म्हणतील, बघा काय माणूस आहे, बारा जणांत नाव आलेलं सोडलं! पास्कलने घेतलं, बेसिलने सोडलं! आणि क्लॅरिस, मला इतकं छान वाटायला लागलं की मी जिन्यातच हसलो.

तेव्हा कळलं की गाडी पुन्हा त्याच स्टेशनात आली. खुर्चीत बसलो तर मिरवणं, खुर्ची सोडली तर त्याहून मोठं मिरवणं. खाली उतरलो. मग वाटलं, मिरवायला मिळेल म्हणून घाबरून उतरतोय, हेही बरोबर नाही. पुन्हा चढलो. असं तीनदा झालं. शेवटी फादर वरून वाकून म्हणाले, "अंकल, व्यायाम चाललाय का? डॉक्टरनी सांगितलंय?" मी म्हटलं, "हो फादर." आणि घरी आलो.

तर अजून नाव आहे. काय करू ते कळत नाही. आपण दोघं एका माळेचे मणी. देवाकडे आपल्यासारख्यांसाठी वेगळी रांग असेल का?

पण एक विचारतो, चिडू नकोस. तू गेली नाहीस तर आठ ते दहा त्या म्हातारीपाशी कोण असतं?

तुझा,
बेसिल


एक्सर, बोरीवली
मंगळवार, १९ मार्च

प्रिय बेसिल,

तुझा शेवटचा प्रश्न मला आवडला नाही. त्याच संध्याकाळी दीप्ती दारात आली म्हणून आणखीच आवडला नाही.

म्हणाली, "ताई, मायने विचारलंय गुडघे कसे आहेत. आणि सांगितलंय, टीव्ही लावून ठेवलाय." मी म्हटलं, "अगं, तिला बघायला मी कशाला हवी? ती बघेल की." दीप्ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, त्यांना दिसतं कुठे? उजेड नि अंधार, एवढंच. दोन वर्षं झाली. कोणाला सांगू नको म्हणतात, नाहीतर पुतण्या आश्रमात टाकेल असं त्यांना वाटतं. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी तिला रोज सांगत होते, देवव्रतने काळा कोट घातलाय, आणि मनात म्हणत होते, म्हातारीला एवढं साधं समजत नाही.

चपला कशा घातल्या आणि कशी गेले ते आठवत नाही. माय खाटेवर, चेहरा टीव्हीकडे. टीव्हीवर कसलीशी बाजारभावाची बातमी चालू, आणि ही गालातल्या गालात हसतेय. मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "माय, तुला दिसत नाही तर टीव्ही कशाला लावतेस?"

ती म्हणाली, "तुझ्यासाठी लावते गो. पहिल्या दिशी तूच नाय का बोललीस, मालिका सोडल्या, आठ वाजता जीव कासावीस होतो? मी ग्लेनला सांगितला, माळ्यावरचा डबा काढ. आठवड्याला एकदा येणाऱ्या बायका मना माहीत हायेत. मना रोज येणारी पायजेल होती."

बेसिल, मी सगळं कबूल केलं. म्हटलं, माय, मी तुझ्यासाठी नाही, मालिकेसाठी येत होते. चर्चमध्ये माझं कौतुक झालं ते सगळं फुकट. मला वाटलं, आता ती तोंड फिरवेल. तर ती हसायलाच लागली. कवळी काढून हातात घेतली आणि हसली. "मासा गळाला लागतो तो काय कोळणीच्या प्रेमाने? तो आमिषाला येतो. मी आयुष्यभर मासळी विकली, पोरी. टोपलीत आल्यावर कुठल्या माशाला विचारला, तू कशाला आलास? आलास ना, झाला."

मी हसले की रडले ते मलाच कळलं नाही. दोन्ही झालं असावं.

मग तिने माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "ईस्टर झाला की तुझ्या घरचा डबा चालू होईल. मग येशील का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तुझ्या त्या फादरने असं करून ठेवलंय की तोंडातून सहज खोटंही निघत नाही. मी म्हटलं, "बघू, माय." तिने हात सोडला नाही.

रोज जातेय. पण ईस्टरची भीती वाटायला लागली आहे. ख्रिस्ती बाईला ईस्टरची भीती वाटावी, असं कुठे ऐकलंयस?

तू खुर्चीत बस. मासा टोपलीत आलाय ना, मग उगाच उड्या मारू नकोस.

तुझी,
क्लॅरिस


मरोळ गावठाण
शनिवार, ३० मार्च

प्रिय क्लॅरिस,

बसलो. आणि काय झालं ते आधी देव जाणो, मग पास्कल, मग तू. इतर कोणाला सांगशील तर याद राख.

तुझ्या पत्राने मला धीर आला. ठरवलं, हेतू जसा असेल तसा, बसायचं. पण बुधवारी पाय नीट निरखून बघितले. टाचांना भेगा. नखं अशी की पोपटाने बघून लाजावं. फादरच्या हातात, सगळ्या पॅरिशसमोर, हे पाय? ॲन्ड्रियाला विचारलं तर ती म्हणाली, "स्टेशनजवळ ते पार्लर आहे ना, तिथे पुरुषांचंही करतात." मला वाटलं, करतात म्हणजे पाच मिनिटांचं काम असेल.

क्लॅरिस, तास लागला. आधी गुलाबाच्या पाकळ्या घातलेलं कोमट पाणी. मग दगडाने घासणं. मग कसलासा लेप. ती मुलगी फार गोड होती, विचारत होती, "अंकल, घरात लग्न आहे का?" मी म्हटलं, "नाही, उद्या पाय धुवायचे आहेत." ती थांबली. "मग हे मी आता काय करतेय?" मी तिला शिष्य, शेवटचं भोजन, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमचा देव खाली बसून पाय धुवायचा? मळलेले?" मी म्हटलं, "हो." "आणि तुम्ही ते आधी इथून धुऊन नेताय?" मी दुसरा पाय पुढे केला. शेवटी मी डोळे मिटून घेतले होते, तेवढ्यात तिने नखांना काहीतरी लावलं. पारदर्शक आहे, म्हणाली, दिसणार नाही.

दिसलं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही बारा जण ओळीत बसलो, मोजे काढले, आणि वरच्या ट्यूबलाईटखाली माझी दहाच्या दहा नखं चमकायला लागली. मी एक पाय दुसऱ्यावर ठेवून पाहिला, मग दुसरा पहिल्यावर. काही उपयोग नाही. आणि टॉवेल धरायला यंदा कोण होतं? पास्कल.

फादर एकेकापुढे गुडघे टेकत आले. कॉयर हळू आवाजात गात होता. बायका डोळे पुसत होत्या. फादर माझ्यापुढे बसले, माझा पाय हातात घेतला आणि पाहतच राहिले. टाच वळवून पाहिली. मग मान वर न करता अगदी हळू म्हणाले, "अंकल, माझ्यासाठी काहीतरी ठेवायचं होतं ना."

मला हसू फुटलं. चर्चमध्ये, पवित्र गुरुवारी. मी ओठ दाबले तर ते नाकातून आलं. फादरचे खांदे हलायला लागले. पाणी पायाऐवजी माझ्या विजारीवर. मी मदतीसाठी पास्कलकडे पाहिलं, तर त्याने टॉवेलमध्ये तोंड खुपसलेलं. पहिल्या रांगेतल्या बायकांना वाटलं, आम्ही तिघे रडतोय. एकीने तर आपला रुमाल पुढे केला.

मिस्सा संपल्यावर बाहेर पास्कलने मला गाठलं. मी म्हटलं, बोल, आता वर्षभर पुरेल तुला. तर तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "त्याच पार्लरमध्ये?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मी पण तिथेच गेलो होतो, त्या वर्षी. फक्त मी तिला सांगितलं, बाई, पॉलिश नको."

आम्ही दोघे कंपाऊंडच्या भिंतीला टेकून इतके हसलो की बाजूने जाणारे थांबले. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. देवासमोर मला स्वच्छ होऊन जायचं होतं, क्लॅरिस. धुवायला काही उरलंच नाही इतकं स्वच्छ. आणि तो बिचारा बादली घेऊन खाली बसलेला. मग पास्कल आणि मी आत गेलो आणि सगळ्या खुर्च्या उचलल्या. बघायला कोणीच नव्हतं. म्हणजे पास्कल होता. पण पास्कलचं आता काय?

उद्या ईस्टर. तुझ्या घरचा टीव्ही उद्या उघडणार. मला तुझी काळजी नाही, त्या मायची आहे. लवकर लिही.

तुझा,
बेसिल


एक्सर, बोरीवली
गुरुवार, ४ एप्रिल

प्रिय बेसिल,

तुझ्याकडे आता मोबाईल आहे, मला माहीत आहे. रविवारी सकाळपासून तू ग्रुपवर सेहेचाळीस दिवसांचे सगळे निरोप एका दमात पाठवलेस. पण हे सुरू केलं तसंच संपवू दे.

तुझं पत्र मी शर्मिष्ठाला वाचून दाखवलं. कोणाला सांगू नको म्हणाला होतास, पण ती हिंदू आहे, तिला सांगितलेलं चालतं. ती जमिनीवर बसून हसली. तिने तुझ्या नखांचा फोटो मागितलाय.

आता माझं. रविवारी मालिका नसते, ग्लेनलाही सुट्टी, म्हणून प्रश्न आला नाही. आला सोमवारी. आठ वाजले. टीव्हीवरची चादर काढली, चहा केला, ईस्टरचा उरलेला केक घेतला, पाय वर घेऊन बसले. काय चित्र होतं, बेसिल! मायचा तो डबा सगळ्यांना हिरवट दाखवायचा. इथे जान्हवीच्या साडीचा काठसुद्धा दिसत होता. कोर्टाचा सीन. देवव्रत आरोपीच्या पिंजऱ्यात. चाळीस दिवस मी याच सुखासाठी तळमळत होते. मनात म्हटलं, आज एक दिवस बघू. एका दिवसाने काय होतंय? माय समजून घेईल.

पहिल्या जाहिरातीपर्यंत बरं चाललं. मग काशीराम साक्षीला आला. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मी म्हणत होते, "काशीराम आला, माय. काठी टेकत येतोय. धोतर मळकं आहे. त्याने देवव्रतकडे पाहिलं नाही, सरळ जान्हवीकडे बघतोय."

खोलीत कोणी नव्हतं. केक होता.

मला फार एकटं वाटलं, बेसिल. मेल्विन गेला त्या आठवड्यात वाटलं होतं तसं. मी म्हणत होते की म्हातारीला सोबत हवी आहे. टीव्ही तसाच चालू ठेवून मी निघाले. गुडघे खरंच दुखत होते, देवाने ते खोटं खरं करून दिलं होतं. दार लोटलं. माय खाटेवर, डबा लावलेला, आवाज मोठा. मला वाटलं, आता ती हात धरेल, म्हणेल, आलीस गो पोरी. मीही काहीतरी बोलायची तयारी केली होती, की माय, मी आज फक्त तुझ्यासाठी आले आहे, मालिकेसाठी नाही.

ती म्हणाली, "उशीर केलास! काशीराम बोलला का? मना नुसता आवाज येतो, वकील बोलतो का देवव्रत तेच कळत नाय. बस लवकर. तोंड कसा झालाय त्या मेल्याचा?"

मी म्हटलं, "माय, आज टीव्ही राहू दे. मी तुझ्याशी बोलायला आलेय. आधी रोझरी म्हणू."

"रोझरी पळून जाते काय? त्याला शिक्षा होऊ दे आधी."

"माय, तू तर म्हणत होतीस टीव्ही माझ्यासाठी लावतेस!"

"तेव्हा लावत होते," ती म्हणाली. "आता मना बघायचा हाय."

म्हणजे आमिष लावणारीच गळाला लागली. मी हसत सुटले, ती माझ्यावर ओरडत सुटली, की हसू नको, ऐकू येत नाय. मग मी खाटेवर तिच्या शेजारी चढून बसले आणि सांगायला लागले. देवव्रतच्या कपाळाला घाम आलाय, माय. रुमाल शोधतोय. रुमाल नाही त्याच्याकडे. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "बरा झाला मेल्याला."

रोझरीही झाली, फादरना विचारायचं असेल तर विचारू देत. जाहिरातींमध्ये म्हटली. माळेची पाचही दशकं पूर्ण झाली आणि अजिबात घाई करावी लागली नाही, जाहिराती भरपूर होत्या.

तुझी,
क्लॅरिस

ता. क. : माय विचारते, तुझी नखं अजून चमकतात का? चमकत असतील तर एक दिवस ये म्हणते. उजेड तिला दिसतो.